मागच्या बाईंना येऊ द्या

दोन लाकडी ठोकळे आपटत, 'विस्तव जपा' म्हणत गावाची पहिली फेरी झाली होती. दुसरी अकराला. तोवर गस्तीवरची तरुण मंडळी आगीच्या बंबाच्या खोलीत स्टोव्हभोवती हात शेकत बसली, आणि त्यांच्यातल्या वयस्कर वाकुईकाकांनी सुरुवात केली.

"आमच्या सेइगोचं सांगतो. खोटं वाटलं तर त्यालाच विचारा. पण नका विचारू."

चोवीस सप्टेंबरला सकाळी सेइगो भाताच्या पेंढ्या वाळत घालायला दोरी आणायला निघाला होता. बायको, नोबुए, बरोबर यायची होती. ती कायम मागे. निघायच्या वेळी तिला गॅस आठवायचा, मग छत्री.

"तुझ्यासाठी गाडी थांबत नसते," हे सेइगोचं लग्नापासूनचं पालुपद.

"थांबेल की एखादी," ती म्हणायची.

त्या दिवशी त्यानं दोनदा हॉर्न वाजवला आणि गाडी काढली. दुकानात दोरी मापून घेत होता, तेव्हा फोन आला. नोबुए बसनं यायला निघाली होती. थांब्यावरच्या बाकावर टेकली, ती उठलीच नाही.

गेलेलं माणूस एकोणपन्नास दिवस घराभोवती असतं, मग आपल्या वाटेनं जातं. त्या दिवशी अस्थी पुरायच्या. पण तिच्या शिवणाच्या डब्यात सेइगोला एक कागद सापडला, गाठ मारल्यासारखा दुमडलेला. हाती येईल त्या चिठोऱ्याची ती अशीच गाठ करायची. आत एका दिवसाच्या सहलीचा बेत होता. आगगाडी, तळ्यावर होडी, डोंगरावर रोपवे, परतीला बस. सगळ्या वेळा मिनिटासकट. हा बेत त्यानं अकरा वर्षं पुढच्या वर्षावर ढकलला होता.

अकरा नोव्हेंबर, एकोणपन्नासावा दिवस. थोरली बहीण दारात उभी राहिली.

"भिक्षू यायचेत, नि तू सहलीला?"

"जायच्या आधी तिला दाखवून आणतो. विधी उद्या करू."

"विधी आधी केलेला चालतो, नंतर नाही. उद्या पन्नासावा असेल, सेइगो."

तो गेला.

सात चौदाची गाडी, एकच डबा. सेइगो चढला, तरी दार उघडंच. गाडीचा चालक आरशात बघत राहिला. मग दार लागलं. जागा रिकाम्या होत्या, पण सेइगो उभाच राहिला. दर स्टेशनाला कागद काढायचा, घड्याळ बघायचा.

होडीत चढताना नावाड्यानं त्याला हात दिला. सेइगो बसला. नावाड्याचा हात अजून काठाकडे पुढे केलेला होता. थोड्या वेळानं त्यानं तो मागे घेतला आणि पँटला पुसला.

डोंगराच्या पायथ्याशी जेवायला बसला, तर समोरच्या रिकाम्या जागी चहाचा दुसरा पेला आला. रोपवेच्या दारावरची मुलगी त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाली, "बाईंना दम लागलाय का? सावकाश येऊ द्या."

"कोणत्या बाई?"

मुलीनं पुन्हा पाहिलं... आणि दार लावलं.

शरदातल्या पानांनी डोंगर लाल झाला होता. सेइगोला एक पान आठवत नाही. उतरल्यावर तो भराभर चालू लागला. मागे पावलं होती. दोन पावलांच्या अंतरावर. तो थांबला. ती थांबली. लग्नापासून जिला 'चल, चल' केलं, तिच्याकडे वळून बघायचं धाडस होईना.

सहा बावन्नची शेवटची बस. अंधार. तळ्याच्या थांब्यावर एकटा सेइगो. मागच्या दारानं चढला, यंत्रातून थांब्याच्या आकड्याची चिठ्ठी घेतली, उतरताना पैशांबरोबर पेटीत टाकायची ती, पुढे जाऊन बसला.

दार लागेना.

गार वारा आत आला. ड्रायव्हर आरशात बघत होता...

"चला ना," सेइगो म्हणाला.

"मागच्या बाईंना येऊ द्या."

सेइगो पुढे बघत राहिला.

दार लागलं.

चाळीस मिनिटं बस चालली. नोबुए गेली त्या बाकाच्या थांब्यावर सेइगो उतरू लागला, तेव्हा ड्रायव्हरनं खिशातून मिठाची पुडी काढून त्याच्या हातात दिली. नोबुएच्या अंत्यविधीला वाटलेलीच.

"घरात शिरायच्या आधी अंगावर टाक. म्हणजे मागोमाग कुणी येत नाही."

सेइगोनं पुडी खिशात टाकली.

काका थांबले. स्टोव्हवरची किटली वाजत होती.

गस्तीतल्या तोमोकीनं विचारलं, "ड्रायव्हर काय म्हणाला, ते सेइगोकाकांनी सांगितलं?"

"त्यानं कशाला सांगायला हवं? बस मीच चालवत होतो."

"मग आरशात..."

काकांनी किटली उतरवली.

"डेपोत चिठ्ठ्यांची पेटी रिकामी केली," मग ते म्हणाले. "तळ्याच्या थांब्याचा आकडा सात. तिथं चढलेला माणूस एक. साताच्या चिठ्ठ्या दोन. एक सपाट."

पाकिटातून त्यांनी दुसरी काढून टेबलावर ठेवली. नखाएवढी, गाठ मारून दुमडलेली. बाहेरच्या घडीवर साताचा आकडा होता. कुणी हात लावला नाही.

"आणि मीठ?"

"तीन वर्षं झाली. सेइगो हल्ली घरात शिरला की दार लगेच लावत नाही. थोडं थांबतो. पुडी दाराजवळ, चपलांच्या फळीवर आहे. त्यानं ती अजून फोडलेली नाही."