एका ताऱ्याची गल्ली

घोडा उभ्याने झोपतो.

भिवंडीच्या कामतघरातल्या तान्ह्या बाळांना अंगाई लागत नाही. कापड विणणारे लूम बंद पडले की मात्र ती दचकून उठतात.

"दरीच्या बाजूला घ्या साहेब. शांत एरिया आहे. पाखरू बोललं तरी ऐकू येईल."

आईच्या उशाशी मोबाईल असतो. त्याचा आवाज कायम पूर्ण वाढवलेला.

चांगदेवकाकांनी नवा गॉगल घेतला.

"मी महाबळेश्वरला हाय. बरा हाय. शोधू नका."

*

यातलं शेवटचं बोलणं सागरचं.

सागर म्हणजे उन्नतीचा मोठा भाऊ. होळीनंतर तो घर सोडून गेला. शाळेला मे महिन्याची सुट्टी लागली आणि कुणा अनोळखी माणसाच्या फोनवरून त्याचा हा निरोप आला, त्याच्याच आवाजात रेकॉर्ड केलेला. त्या नंबरवर पुन्हा फोन केला तर लागत नव्हता. तेव्हापासून आई तो निरोप ऐकायची. भाकरी थापताना ऐकायची, केस विंचरताना ऐकायची. झोपायची मात्र नाही, तो गेल्यापासूनच.

उन्नतीचे बाबा तिच्या लहानपणीच वारले. घरात चालायचं ते काकांचं. त्यांनी गाडी काढायची ठरवलं होतं. आई, उन्नती, त्यांचा स्वतःचा मुलगा कुणाल, आणि शेजारचा मितेश, कारण मितेशला वगळलं असतं तर कुणाल गाडीत बसला नसता. मुक्काम दोन दिवसांचा. तिसऱ्या दिवशी काकांच्या गोदामाचं भूमिपूजन होतं.

गोदाम कुठे? जिथे लूम होते तिथे. ते लूम सागर चालवायचा. काकांनी ते भंगारात दिले.

एवढ्या गावात दोन दिवसांत एक माणूस शोधायचा, तर राहायचं कुठे? एका हॉटेलवाल्याचं ऐकून काकांनी ते कधीच ठरवून टाकलं होतं.

*

"दरीकडे," कुणाल म्हणाला. तिघं गच्चीत पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले होते. "पप्पांनी हॉटेल बघितलंय. झोपाळा आहे तिथे."

"दादा झोपाळ्यावर बसलेला असणार आहे का?" उन्नतीने विचारलं.

"मी फक्त सांगितलं."

"तू नेहमी फक्त सांगतोस."

मितेश मोबाईलवर नकाशा मोठा-लहान करत होता. "हे बघ. इकडे बाजार. इकडे वेण्णा तलाव. आणि काकांचं हॉटेल इथे, सगळ्यांपासून लांब. तिथून दादाला शोधायचं म्हणजे टेमघरात बसून कल्याणला हाक मारायची."

"मग आपण कुठे राहायचं?"

उन्नतीने आईकडून आणलेला फोन कानाला लावला. तिने निरोप इतक्यांदा ऐकला होता की शब्द झिजून गेले होते. मी. महाबळेश्वरला. हाय.

आणि तेवढ्यात लाईट गेली.

गल्लीतले लूम एकामागून एक थांबले. समोरच्या कारखान्यातून कुणीतरी ओरडलं, "बत्ती गुल! चलो, चाय!" मग ती शांतता आली. कामतघरात ती आली की माणसं डोकं वर करून बघतात.

उन्नतीच्या कानातली खटखट मात्र थांबली नाही.

तिने फोन बाजूला केला. शांत. पुन्हा कानाला लावला. खट. खट-खट.

"लूम बंद झाले ना?" तिने विचारलं.

"म्हणजे काय, लाईटच नाही."

"मग हे काय वाजतंय?"

तिने स्पीकर चालू केला. सागरच्या आवाजामागे काहीतरी आपटत होतं. इतके दिवस सगळ्यांना ते आपल्याच खिडकीबाहेरचं वाटलं होतं. आईला, काकांना, सगळ्यांना. लूमच्या गल्लीत राहणाऱ्याला कुठलीही खटखट वेगळी ऐकूच येत नाही.

"महाबळेश्वरला लूम आहेत?" कुणाल म्हणाला.

"हा लूम नाही. लूम अडखळत नाही. हे बघ, थांबलं. मग पुन्हा. कुणाला तरी कंटाळा आल्यासारखं."

"लूमला कंटाळा येत नाही," मितेश म्हणाला. मग त्याने फोन हातात घेतला आणि डोळे मिटले. "थांब. माझ्या मावसभावाच्या वरातीतला घोडा. बेंजोवाल्यांच्या टेम्पोला लावलेल्या फळीवर चढला आणि उतरायलाच तयार नव्हता. नुसता पाय आपटत होता. डिट्टो हेच."

"नक्की?"

"त्याने माझा फेटा खाल्ला होता उन्नती. मी त्याला विसरेन का?"

*

गणेशपुरीचा मामा एकदा म्हणाला होता, "या पोराला झोपवायचं म्हणजे शिक्षा हाय."

सागर मामाकडे गेला की त्याला झोप लागत नसे. चारी बाजूंना भातशेती, सगळं शांत. मग तो टेबलफॅनच्या जाळीत पुठ्ठ्याचा तुकडा खोचायचा. फॅन फडफडायला लागला की हा घोरायला लागायचा. मामा पुठ्ठा काढायचा. सागर झोपेतच उठून परत लावायचा.

*

"दादा पडल्या पडल्या बोललाय," उन्नती म्हणाली. "'हाय' कसा लांबवलाय बघ. झोपेला आला की तो असाच बोलतो. म्हणजे तो झोपतो तिथेच घोडे बांधतात. खाली फळ्या आहेत."

"तलावाकडे घोडे असतात. फोटोत दिसतात," कुणाल म्हणाला.

"ते दिवसा. झोपायला कुठे जातात?"

मितेश लॉजची नावं आणि लोकांचे अभिप्राय वाचू लागला. "'अतिशय निवांत जागा. पाच तारे.' 'शांत, सुंदर, पुन्हा येऊ.'"

"नको," उन्नती म्हणाली. "शिव्या वाच."

"काय?"

"आपल्याला चांगली जागा नकोय. सगळ्यांनी शिव्या घातलेली हवी. एका ताऱ्याची."

बराच वेळ उंदीर, गार पाणी आणि कळकट चादरी यांच्या तक्रारी आल्या. मग मितेश वाचता वाचता थांबला. त्याने फोन तिच्याकडे दिला.

*नवरंग लॉज, तलावामागची गल्ली. चुकूनही राहू नका. खिडकीमागे घोडे बांधतात. फळ्यांवर पाय आपटत राहतात. डोळ्याला डोळा लागला नाही. एक तारा.*

त्या गल्लीतल्या बाकीच्या दोन लॉजनाही एकेकच तारा होता. कारण तेच.

*

आधी त्यांनी काकांना खरं सांगून पाहिलं.

"घोड्याच्या टापांवरनं माणूस शोधतेस?" काका हसले. "उन्नती, तुझं काम न्हाय ते. मी त्याचा फोटो पाठवलाय तिथं. हॉटेलवाल्यांच्या ग्रुपवर. दिसला की कळवतील. आणि तुझ्या आईला झोप न्हाय इतके दिवस. तिला शांत जागा पायजे का न्हाय?"

काका वाईट नव्हते. ऐकत नव्हते, एवढंच.

जिन्यात मितेश म्हणाला, "तुझे काका कुणाचं ऐकतात?"

"कुणाचंच नाही."

"पोटाचं ऐकतात," कुणाल म्हणाला, आणि दोघांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो घाबरला. "मी फक्त सांगितलं."

जेवताना कुणालने बोंबलाचा तुकडा उचलला आणि सहज विचारलं, "पप्पा, बुधवारी तिथे काय जेवायचं?"

"जे असल ते. मटण सांगू."

"गेटच्या फोटोत पाटी आहे ना. शुद्ध शाकाहारी."

काकांचा घास थांबला. "अंडं तरी?"

"अंडंपण नाही."

"घरनं सुकट नेली तर?"

"बाहेरील मांसाहार आणू नये, असंही लिहिलंय. खाली 'हुकुमावरून'."

काकांनी तिथल्या तिथे फोन लावून दरी रद्द केली. दुसरीकडे शोधू लागले तर मे महिना, सगळीकडे भरलेलं. रिकामी एकच निघाली, नवरंग लॉज. काकांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "एकच तारा हाय रं हिला. का बरं?"

"पप्पा, मच्छी मिळते तिथे," कुणाल म्हणाला. आणि हे खरं होतं.

*

घाटात कुणाल ओकला. आईने त्याचं डोकं धरलं आणि दुसऱ्या हाताने फोन धरून ठेवला. तिला अजून काही सांगितलं नव्हतं. उन्नतीचं म्हणणं होतं की आशा दाखवायची तर माणूस दाखवूनच.

गल्लीला लिदीचा वास होता. काका नाकाला रुमाल लावून मॅनेजरशी भांडायला लागले आणि तिघं लॉजला वळसा घालून मागे पळाले.

पत्र्याची लांब शेड होती. जमीन ओली, म्हणून खाली फळ्या टाकलेल्या. तलावाकडून घोडे परत येत होते. पहिला फळीवर चढला.

खट. खट-खट.

मितेशने उन्नतीचा दंड पकडला. त्यांनी गच्चीत बसून एक अख्खं गाव चाळलं होतं आणि नेमकी खोली काढली होती. शेडला वर माळा होता, माळ्याला शिडी. शिडीच्या शेवटच्या पायरीवर भिवंडीचं कोरं, न धुतलेलं मांजरपाट लटकत होतं.

"दादा," उन्नतीने हाक मारली.

घोडेवाला एका घोड्याचं खोगीर काढत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचे हात थांबले.

"सागरची बहीण ना तू? भुवया त्याच्याच आहेत."

"कुठाय तो?"

घोडेवाल्याचं नाव रामू. त्याने खोगीर खाली ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं.

"गेला. परवा."

"कुठे?"

"सांगितलं नाही. चांगला पोरगा. जनावरांशी बोलायचा. पहिल्याच दिवशी इथे येऊन म्हणाला, पैसे नको, या माळ्यावर झोपू द्या. लोक इथून पळतात, हा इथे झोपायला आला."

"मग गेला का?"

रामूने फोन काढून पुढे धरला. त्यात सागरचा फोटो होता, शाळेतला, तेल लावलेल्या केसांचा. खाली काकांचा मजकूर. *हा मुलगा दिसल्यास धरून ठेवावे. सांगणाऱ्यास योग्य बक्षीस.*

"आमच्या मॅनेजरने त्याला हे दाखवलं," रामू म्हणाला. "चेष्टा म्हणून. तुला धरायला सांगितलंय, बांधू का घोड्यांबरोबर? पोराने पुन्हा पुन्हा वाचलं. मग मला म्हणाला, दादा, यात कुठे मी कसा आहे असं विचारलंय का? मी काय सांगणार."

कुणाल फळ्यांकडे बघत उभा राहिला. मितेशने खिशात हात घातले, बाहेर काढले.

*

आई कधी मागे येऊन उभी राहिली ते कळलं नाही. तिने सगळं ऐकलं होतं की नाही, तेही. काका तिच्या मागे होते.

काकांनी शेड बघितली, माळा बघितला, रामूच्या हातातला फोन बघितला. गॉगल काढला. बराच वेळ तो कुठे ठेवायचा हे त्यांना सुचलं नाही.

"अख्ख्या महाबळेश्वरातनं बरोबर हीच जागा काढली," ते शेवटी म्हणाले. "पोलिसांना जमलं नसतं. हुशार हाय पोरगी. तिघंबी हुशार."

मॅनेजरही मान डोलावत म्हणाला, "कमाल केली पोरांनी." त्याने चिक्कीचा पुडा पुढे केला. कुणीच घेतला नाही.

"पप्पा," कुणाल म्हणाला, "फोटो पाठवला नसता तर तो आज इथे असता."

या वेळी त्याने फक्त सांगितलं असं कुणी म्हणालं नाही.

आई शिडी चढली. वर गोणपाटाची गादी होती आणि घडी घातलेली गोधडी. तिने गोधडी उलगडली, नाकाशी नेली. मग आडवी झाली. चप्पलही काढली नाही.

उन्नती तिच्या पायाशी बसली. खाली घोडे पाय आपटत होते. फळ्यांतून तो आवाज वर माळ्यात यायचा, पाठीत शिरायचा. डोळे मिटले तर कामतघरच.

"झोपली?" खालून काकांनी विचारलं.

उन्नतीने वाकून पाहिलं. आईच्या हातातला फोन सैल झाला होता. तोंड किंचित उघडं होतं. होळीपासून पहिल्यांदा.

"झोपली."

"चूप रे," रामूने घोड्याच्या मानेवर थाप मारली. "हळू."

"नको," उन्नती म्हणाली. "आपटू द्या."

मितेश अर्धी शिडी चढून आला आणि तिथेच बसला. "आता कुठली गल्ली शोधायची?" त्याने हळूच विचारलं.

उन्नती मनात हिशोब करत होती. सागरला आता ठाऊक होतं की लोक त्याला धरायला बघतायत. तो आता खटखट असेल तिथे झोपणार नव्हता. म्हणजे बहुतेक तो झोपणारच नव्हता. आणि शांत गल्ल्या सगळ्या गावांत असतात. त्यांच्याबद्दल कुणी तक्रार लिहीत नाही.

तिला शाबासकी आठवली आणि तोंड कडू झालं.

*

सागरने शेवटचा प्रश्न जेवताना विचारला होता. "लूम गेले, मग मी काय करू?" काकांपुढे बोलायची घरात पद्धत नव्हती. आईने भात वाढला. उन्नतीने ताटात बघितलं. तो उठला.

त्या दुपारी कामतघरला लाईट नव्हती. सगळे लूम बंद होते, आणि जिना उतरणाऱ्या त्याच्या चपलांचा आवाज घरातल्या प्रत्येकाला ऐकू आला होता.