उत्तरेचा ठिपका

सहा रोपं दुपारच्या चहाआधी लावून व्हायची, एवढंच त्या दिवशीचं काम होतं. घरामागच्या झाडीत माळ्यानं सात खड्डे घेऊन ठेवले होते. सातवं रोप वाटेत मोडलं म्हणून आलं नाही. निवृत्त प्राध्यापकांनी त्या मधल्या, रिकाम्या खड्ड्याशी खुर्ची टाकली. ऊन तिथंच छान येत होतं.

का येत होतं, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिथं थोरल्या भावाचं झाड होतं. सहा वर्षांपूर्वी, वाचायच्या खोलीत उजेड येत नाही म्हणून, प्राध्यापकांनी ते तोडायला लावलं. आजारी भाऊ खिडकीतून बघत होता. "तेवढं राहू दे रे," म्हणाला होता. पंधरा दिवसांत तोही गेला. तेव्हापासून वहिनी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत. ही झाडं लागली तर निदान एकदा पूर्वीसारखी हाक मारतील, यासाठी हा सगळा खटाटोप.

"सर, हा चुन्याचा ठिपका बघा," माळी रोप धरून म्हणाला. "रोपवाटिकेत ही बाजू उत्तरेला होती. इथंही उत्तरेलाच हवी. नाहीतर झाड रुसतं."

"शास्त्रीयदृष्ट्या मात्र..."

"त्यांना काय सांगतोस?" पायरीवरून वहिनी म्हणाल्या. "त्यांचा झाडांचा अभ्यास कुऱ्हाडीपासून सुरू होतो."

प्राध्यापक हसले. दुसरं कुणी हसलं नाही.

रोपं लागली. सहाही ठिपके उत्तरेकडे. वहिनी आत गेल्या, माळी हात धुऊन पाणी आणायला गेला. वसंत ऐन भरात होता. जुन्या झाडांवर तांबूस पालवी, फुलांवर भुंग्यांची झुंबड. प्राध्यापकांनी सुखानं डोळे मिटले.

भुंगे गप्प झाले, तेव्हा ते उघडले.

सहाही ठिपके त्यांच्याकडे वळलेले होते.

त्यांनी चष्मा पुसला. आपलीच चूक असणार. या वयात स्वतःच्या डोळ्यांवर किती विसंबायचं? वाकून पाहिलं. बुंध्याशी माती घट्ट होती, माळ्याच्या पावलांचे ठसेसुद्धा जसेच्या तसे. त्यांनी खुर्ची खड्ड्याच्या पलीकडे नेली आणि बसून, मान खाली घालून, शंभरपर्यंत आकडे मोजले. मातीत कुठेतरी जुनं कापड हळूहळू फाटावं तसा आवाज येत होता. ताज्या तोडलेल्या लाकडाचा वास सुटला होता. या बागेत तर सहा वर्षांत कुऱ्हाड लागली नव्हती...

मान वर केली. ठिपके पुन्हा त्यांच्याकडेच.

ते उठून बाजूला सरले आणि पाय मधल्या रिकाम्या खड्ड्यात गेला. मग दुसराही. भुसभुशीत माती घोट्यांवर आली.

"वहिनी... जरा बाहेर येता?"

वहिनी आल्या. पाठोपाठ बादली घेऊन माळी.

"ते ठिपके बघा..."

"उत्तरेलाच आहेत की," माळी म्हणाला.

होते. सहाही उत्तरेला.

वहिनी जवळ आल्या. कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजात माया होती. "भावोजी," त्या म्हणाल्या.

सहा वर्षं याच एका हाकेसाठी प्राध्यापक झुरले होते.

"हलू नका हं, भावोजी. तुमच्या मानेवर चुना लागलाय."

त्यांनी मानेवर मागे हात नेला. बोटाला ओला, गोल ठिपका लागला. "हा... हा कुणी लावला?"

माळ्यानं आपले स्वच्छ धुतलेले हात पुढे करून दाखवले. मग सूर्याकडे बघून अंदाज घेतला. प्राध्यापकांचं तोंड जवळपास दक्षिणेला होतं, मानेवरचा ठिपका जवळपास उत्तरेला.

"सर, थोडं डावीकडे... बास. आता बरोबर."

त्यांना बाहेर यायचं होतं. मान वळली, हात उचलले गेले. पाय मात्र जागचे हलले नाहीत.

"घाल रे पाणी," वहिनी म्हणाल्या. "ऊन आहे."

माळ्यानं बादली तिरकी केली. प्राध्यापक ओरडणारच होते. पण पाणी गार होतं, आणि त्यांना केव्हापासून तहान लागली होती... पायांत.