दौऱ्याचं सामान

त्या रात्री जे झालं, त्यात दोष हणमंतरावांचाच. माझे चुलत आजोबा. मी कॉलेज सोडलं तर घरभर बोंब झाली. यांच्याबद्दल मात्र सगळे मुके. बोलतात ते एकटे पंढरीआबा, आमचे जुने ड्रायव्हर. तेही अंधार पडल्यावर, गच्चीवर आम्ही पोरं जमलो की.

"लातूर जिल्हा होऊन आठवडाही झाला नव्हता. पोळ्याची रात. पाऊस न्हाई, बैलं धुवायला पाणी न्हाई. आन् ह्यांना दिवाणखाना सजवायचा! सकाळी नवा साहेब घर बघायला येणार. त्यानं भाड्यानं घ्यावं म्हणून ही धडपड."

सामान आबांनीच उदगीरहून टेम्पोत आणलं. निजामाच्या वेळी अंमलदार दौऱ्यावर न्यायचे तसलं. घडीची खाट, घडीची खुर्ची, पितळी कोपऱ्यांची सागवानी पेटी. विकणाऱ्या संगप्पानं बजावलं होतं, "रात्री घडी घालून ठेवा. मांडलेलं दिसलं की उचलणारा येतो."

"कोण उचलणारा?" आमच्यातल्या कुणीतरी विचारलं.

"वेठीचा माणूस. हे ओझं डोक्यावर घेऊन शिवेपर्यंत जायचं. तिथं पुढच्या गावचा माणूस ते घ्यायचा. एका दुष्काळात एक जण शिवेवर पोचला, घ्यायला कुणीच आलं न्हाई. खाली ठेवलं तर फटके. उभ्या उभ्याच गेला बिचारा. आन् त्याला वेठीला धरलं कुणी? ह्यांच्याच वडलांनी. पाटील ना!"

हणमंतरावांना हे सगळं ठाऊक होतं. तरी हसले. "घडी घालू? मग साहेब काय गोणपाटावर बसंल?"

सामान मांडलेलंच राहिलं. हणमंतराव शेजारच्या खोलीत झोपले, आबा ओसरीवर.

मध्यरात्र उलटली. आत खाटेचा खटका वाजला. मग खुर्चीचा. मग फरशीवरून पेटी सरकली.

"कोण हाय रे? पंढरी?" हणमंतरावांचा झोपेतला, चिडका आवाज.

ओसरीवर आबांनी घोंगडं डोक्यावरून ओढलं.

"पुढच्या गावचं कोण हाय?"

दिवाणखान्यातून दुसराच, कोरडा आवाज. घशात थेंब नसल्यागत.

हणमंतरावांना वाटलं, गडीच सामान आवरतोय. खेकसले, "मीच हाय! आण इकडं!"

मग...

आबा इथं थांबतात. बिडी विझते. कुणी काडी ओढत नाही.

"मग काय, आबा?"

"मग काय न्हाई. लई हलकं झाल्यागत कुणीतरी श्वास सोडला. बस."

उजाडलं तेव्हा खाट, खुर्ची घडी घालून उंबऱ्याशी लावलेली. पेटीवर चिंध्यांची चुंबळ, ओझ्याखाली डोक्यावर ठेवतात तसली. घामानं ओली. घरातल्या कुणाचीच नव्हती.

साहेबानं दुसरं घर घेतलं. हणमंतरावांची मान त्या रात्री खाली दबली, ती मरेपर्यंत सरळ झाली नाही.