आतून घातलेले टाके

वसंताचं पहिलं ऊन पडलं की भाऊजींच्या पायाला भिंगरी लागायची. यंदा पुतणीला, चिमणीला घेऊन रानात मुक्कामाला जायचा घाट त्यांनी घातला होता, आणि जुन्या बाजारातून एक तंबूही उचलून आणला होता. वहिनी मात्र ऐकून घेणारी नव्हती. "माझी पोर त्यात झोपणार. आधी मी आतून-बाहेरून बघेन, मगच निघायचं."

म्हणून त्या दुपारी सोफा भिंतीला सरकवून तंबू बैठकीच्या खोलीतच उभा राहिला. सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. भाऊजी बाहेर तंबूला पाठ लावून स्टोव्ह, दोर, रेनकोट असं सगळं एकाच पिशवीत कोंबत होते. वहिनी आणि चिमणी चेन ओढून तंबूत बसल्या. आतून बघितलं की बाहेरच्या उजेडात बारीकसं भोकही लपत नाही.

चिमणी स्लीपिंग बॅगेत शिरून झोपायची तालीम करत होती. "आई, ही जागा माझी. कडेची."

तिच्या डोक्याशीच कापडाला वीतभर चीर होती. कुणीतरी ती शिवलेली. कडा आत वळलेल्या, म्हणजे सुरी बाहेरून आली असणार. दोरा काळपट, वाळून कडक झालेला. टाके वेडेवाकडे, गाठी सगळ्या आतल्या अंगाला.

"पायानं शिवलंय की काय मेल्यानं!" वहिनी करवादली.

वहिनी पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवून घर चालवायची. ती कला सासूबाईंनीच हाताला धरून शिकवलेली, आणि त्यांचा दंडक एकच होता: वाकड्या टाक्यावर टाका घालायचा नाही. आधी उसवायचं, मग नव्यानं शिवायचं. तिनं दाभणात पांढरा दोरा ओवून ठेवला आणि कात्री घेऊन एकेक टाका उसवला.

शेवटचा टाका सुटला आणि गार वारा आत आला. ओल्या, कुजलेल्या पानांचा वास. चिरेतून भाऊजींची पाठ दिसायला हवी होती. दिसला तो मिट्ट काळोख.

"भाऊजी... तुम्ही तिथंच आहात ना?"

"मी कुठं जातोय?" आवाज अगदी कापडाला लागून आला.

आणि त्याच चिरेतून पातं आत घुसलं.

उशी फाटली. चिमणीची एक वेणी तुटून पडली. वहिनीनं तिला खेचलं, चेनला हिसडा दिला, पण चेन मधेच अडकली. पातं पुन्हा आलं, या वेळी नेमकं लेकीच्या गळ्याच्या रोखानं. वहिनीनं ते नुसत्या हातानं धरलं. पलीकडून कुणीतरी सावकाश ते मागे ओढलं, आणि तळहात हाडापर्यंत उघडला.

"भाऊजी, धरा त्याला! बाहेर कोण आहे?"

"वहिनी, काय झालं? इथं मी एकटाच आहे हो!"

पातं तिच्या दंडात घुसलं, मग खांद्यात. तिनं गुडघ्यानं चिमणीला मागे रेटलं, एका हातानं चिरेच्या कडा आवळल्या आणि दुसऱ्या हातानं दाभण खुपसलं. तिच्या हातांना दुसरं काही येतच नव्हतं. टाका पडला की पातं उरलेल्या फटीतून बोटांवर येई. बोटं सोलली गेली, दोरा रक्तात निसटत होता, तरी ती रडत, शिव्या देत शिवत राहिली. शेवटची गाठ बसली तसं सगळं थांबलं.

भाऊजींनी चेन तोडून दोघींना बाहेर ओढलं. तंबूतून निघताना वहिनीनं मागे वळून पाहिलं. रक्तानं दोरा काळा पडत चालला होता. टाके वेडेवाकडे, गाठी सगळ्या आतल्या अंगाला. आधी शिवणाऱ्याला नावं ठेवल्याची तिला भयंकर लाज वाटली.

आरडाओरड्यानं सासूबाई उठून आल्या. "अगं बाई, हे काय झालं?"

"आई, तंबूला हात लावू नका... आल्यावर सांगते." तेवढंच तिला बोलता आलं. चिमणीला तिनं कडेवरून खाली ठेवलंच नाही.

भाऊजींनी दोघींना दवाखान्यात नेलं; डॉक्टरांनी हात शिवला. परतताना चिमणी तिच्या धड खांद्यावर झोपली होती. पोर वाचली, एवढंच वहिनी मनाशी घोकत होती. तिनं दार ढकललं.

घर शांत होतं. सासूबाईंच्या चपला तंबूच्या तोंडाशी जोडीनं ठेवलेल्या. तुटकी चेन आतून काळ्या दोऱ्यानं आवळून धरलेली. चिरेखाली, बाहेरच्या बाजूला, त्यांचा चष्मा पडला होता. एक काच फुटलेली.

"आई?"

ओल्या पानांचा वास खोलीभर होता.

मग कापडातून दाभणाचं टोक बाहेर आलं. दोरा खसकन ओढला गेला आणि दाभण पुन्हा आत गेलं. एक टाका, मग आणखी एक, लांबलांब, वाकडे.

"बघा, शिवतेय ती," भाऊजी पुटपुटले. "म्हणजे ठीक आहे ना... आई ठीक आहे ना, वहिनी?"

वहिनीनं लेकीला घट्ट धरलं. चष्म्याशिवाय सासूबाईंना दाभणसुद्धा दिसत नसे, आणि जन्मात त्यांच्या हातून वाकडा टाका पडला नव्हता. शिवाय चीर तर कधीच शिवून झाली होती. टाके आता तिथून पुढे, घराच्या दाराच्या, त्या उभ्या होत्या त्या दिशेनं सरकत होते.