नकाशांच्या खोलीचं दार

आधीच सांगते. या गोष्टीत रात्र नाही. वादळ नाही, गेलेली लाईटही नाही. ज्यांना त्याशिवाय भीती वाटत नाही त्यांनी इथेच थांबावं, नंतर माझं डोकं खाऊ नये.

हे सगळं भर दुपारी घडलं. शुक्रवार. जेवणाच्या सुट्टीनंतरचा पाचवा तास. शाळेचा दुसरा मजला, नववी क. बाहेर इतकं लख्ख ऊन होतं की फळ्यावर तिरीप येऊन अक्षरं दिसत नव्हती.

आणि हे खरं आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेलं आहे. थापा मारायला थोडी कल्पनाशक्ती लागते. मावशीने आयुष्यभर मुलांना इंग्रजीची तयार प्रश्नोत्तरं लिहून दिली. तिच्याकडून मला ती अपेक्षा नाही.

तिच्या घरात आतल्या एकाही खोलीला दार नाही. सगळीकडे जाड तपकिरी पडदे. कोणी विचारलं तर म्हणायची, "दारं फुगतात, लागत नाहीत, कटकट नुसती." आम्ही तिच्या मागे हसायचो.

गेल्या महिन्यात तिने मला खरं कारण सांगितलं...

तेव्हा मावशी अठ्ठावीस वर्षांची होती. नोकरी तिसऱ्या वर्षीही तात्पुरतीच. कायम होणार की घरी बसणार, ते मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या हातात होतं. घरी आजोबा आजारी. कमावणारी ही एकटी.

आणि नववी क तिच्या डोक्यावर मिरे वाटत होती.

ती फळ्याकडे वळली की वर्ग गुणगुणायला लागायचा. तोंडं बंद. चेहरे सरळ. पण चाळीस घशांतून एकच आवाज. ती वळून बघायची, तर शांत. पुन्हा फळ्याकडे वळली की पुन्हा तेच. कोणाला पकडणार? ती पट्टी टेबलावर आपटायची. म्हणून तिचं नाव पडलं पट्टीमॅडम.

या सगळ्यांची पुढारी एक मुलगी होती. तिला सगळे रेडिओ म्हणायचे. तोंडाचा पट्टा क्षणभर थांबायचा नाही. शिक्षकांच्या खोलीतसुद्धा तिचं हेच नाव होतं. मावशी तिचा मनापासून राग करायची. हे मावशीने मला स्वतः सांगितलं. "मला ती मुलगी नकोशी होती," म्हणाली. "आत्ता खोटं कशाला बोलू."

एके दिवशी मोठ्या बाईंनी तिला बोलावलं.

"शुक्रवारी पाचव्या तासाला मी तुमच्या वर्गात मागे बसणार आहे. मुलं ऐकतात का ते बघायचंय."

"हो बाई."

"नाही ऐकलं, तर पुढच्या वर्षाचं मी काही सांगू शकत नाही."

त्या आठवड्यात पुस्तकातला रहस्यकथेचा धडा होता. एक माणूस भाड्याची खोली घेतो. खोलीला दोन दारं. एक जिन्याकडे उघडतं, दुसरं कायमचं बंद. पलीकडे काही नाही, असं मालकीण सांगते. आणि रोज दुपारी कोणीतरी ते बंद दार वाजवतं. शेवटच्या ओळीत तो माणूस कडीवर हात ठेवतो. धडा तिथेच संपतो. खाली प्रश्न : पुढे काय झालं असेल? ऐंशी शब्दांत लिहा.

नववी कच्या खोलीलाही दोन दारं होती.

दुसरं दार वर्गाच्या बाजूने कडी घालून बंद असायचं. त्याच्या पलीकडे नकाशांची खोली. जुने नकाशे, मोडकी बाकं, एक तडा गेलेला पृथ्वीचा गोल. त्या खोलीला बाहेर व्हरांड्यातून आणखी एक दार होतं, त्याची किल्ली शिपाईमामांकडे.

मावशीला युक्ती सुचली. आयुष्यात एकदाच सुचली, तीही अशी.

शिपाईमामांनी नकाशांच्या खोलीत उभं राहायचं. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं, म्हणून खूण ठरली. मावशीने पट्टी टेबलावर एकदा आपटली की मामांनी दारावर तीन टकटक करायच्या. असं दोनदा. मग शेवटची ओळ वाचून एका मुलाला कडी काढायला सांगायची. दार उघडलं की मामा हसत उभे. वर्ग हसणार, मग ऐंशी शब्द लिहिणार, मोठ्या बाई खूश.

गुरुवारी तिने बाकांच्या जागा बदलल्या. रेडिओला त्या दाराला लागून बसवलं. घाबरली तर तीच घाबरावी, एवढाच हेतू. "जिरवायची होती तिची," मावशी म्हणाली.

शुक्रवार उजाडला. मोठ्या बाई मागच्या बाकावर वही उघडून बसल्या. मावशी वाचायला लागली.

पहिल्या परिच्छेदालाच गुणगुण सुरू झाली. मोठ्या बाई बसलेल्या असतानासुद्धा. मावशी वाचत राहिली. कथेतला माणूस खोलीत एकटा बसला... दुपार झाली... घर शांत होतं...

तिने पट्टी आपटली.

टक. टक. टक.

गुणगुण बंद.

चाळीस माना दाराकडे वळल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्या तासाला पंख्याची घरघर ऐकू आली. मावशीला इतका आनंद झाला की पुढची ओळ वाचताना तिचा आवाज कापला. मुलांना वाटलं, मॅडमही घाबरल्या. आणखीच उत्तम.

तिने पुढे वाचलं. पुन्हा पट्टी.

टक. टक. टक.

कोणीतरी म्हणालं, "मॅडम, पलीकडे कोण आहे?" तिने ओठांवर बोट ठेवलं. मागे मोठ्या बाई भराभर लिहीत होत्या.

आता दार वाजायचं नव्हतं. दोनदाच ठरलं होतं. कथेत मात्र तिसऱ्यांदा वाजतं. मावशी त्या ओळीपर्यंत आली. तिने पट्टीला हातसुद्धा लावला नाही...

टक. टक. टक.

मामा रंगात आलेत, असं तिला वाटलं. ओळ बरोबर कशी साधली, हा प्रश्न मनात येईपर्यंत तिची नजर खिडकीबाहेर गेली.

खाली मैदानात ऊन होतं. फाटकातून शिपाईमामा आत येत होते. काखेत टपालाचा गठ्ठा. ते थांबले, टोपी काढली, घाम पुसला.

आणि तिच्या डाव्या हाताला, बंद दारावर...

टक. टक. टक.

तिने टेबल धरलं.

इथे ती थांबली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. तास संपला म्हणायचं, मुलांना बाहेर काढायचं. कोणीही तेच केलं असतं. तिला सगळं कळलं होतं. नकाशांच्या खोलीत मामा नाहीत, हे त्या वर्गात फक्त तिला ठाऊक होतं.

पण मोठ्या बाई मान डोलवत होत्या. वर्ग श्वास रोखून बसला होता. औषधाच्या बाटल्या तिच्या डोळ्यांसमोर आल्या, आजोबांचा खोकला आला.

तिने शेवटची ओळ वाचली. पुस्तक मिटलं.

"मॅडम, उघडा ना," मुलं म्हणाली.

कडी तिच्यापासून चार पावलांवर होती. ती हलली नाही.

"रेडिओ," ती म्हणाली, "तू जवळ आहेस ना. उघड जरा."

रेडिओ उभी राहिली. तिचा चेहरा खडूसारखा झाला होता. ती दाराच्या सगळ्यात जवळ होती, तिने इतरांपेक्षा जास्त काही ऐकलं असणार, असं मावशी आता म्हणते.

"मॅडम, मी नको."

त्या मुलीने कधी कशाला नाही म्हटलेलं कोणाला आठवत नव्हतं.

"उघड म्हटलं ना."

तिने कडी काढली. दार वर्गाच्या बाजूला उघडलं. बाकांवरून फक्त अंधार दिसला आणि गुंडाळून उभे केलेले दोन नकाशे. रेडिओ उंबऱ्यावर उभी राहिली. आत बघत. बराच वेळ.

मग तिने मान वाकडी केली, कोणी हळू बोलत असेल तर आपण करतो तशी. एकदा हो अशी मान हलवली. हात मागे करून बोट दाखवलं, मागे न बघता, नेमकं मावशीकडे.

नंतर तिने दार लावलं, कडी घातली आणि जागेवर येऊन बसली.

"कोण होतं गं?" मावशीने विचारलं.

रेडिओने तोंड उघडलं...

काहीच आलं नाही.

तिने पुन्हा प्रयत्न केला. मग बोटांची पेरं वळवून बाकावर वाजवली. टक. टक. टक.

अख्खा वर्ग हसला. टाळ्या पडल्या. सगळं आधी बसवलेलं आहे, अशीच सगळ्यांची समजूत झाली. मोठ्या बाई जाताना म्हणाल्या, "छान बसवलंत. त्या मुलीकडून काम करून घेतलंत, कमाल आहे."

संध्याकाळी मावशीने वह्या तपासल्या. कोणी चोर लिहिला होता, कोणी मांजर, कोणी मालकिणीचा वेडा भाऊ. सगळ्यांत खाली रेडिओची वही. ऐंशी शब्द नव्हते. दोन वाक्यं होती.

"त्याला मॅडम हव्या होत्या. मी सांगितलं, त्यांनी मला पाठवलंय."

मावशीने ते पान फाडलं. घडी करून पर्समध्ये ठेवलं. कोणाला दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी शिपाईमामा ओशाळून आले. "मॅडम, काल मला टपालाला पिटाळलं, तुम्हाला निरोप द्यायचा राहिला. आणि नकाशांच्या खोलीची किल्ली तर माझ्याच खिशात होती. तुमचा खेळ फसला असेल."

"नाही," मावशी म्हणाली. "झाला नीट."

रेडिओ त्यानंतर बोलली नाही. तिची आई येऊन मोठ्या बाईंपुढे रडून गेली. डॉक्टर झाले, घशात काही दोष निघाला नाही. हजेरीला तिचा नंबर आला की ती बाकावर तीन टकटक करायची. आधी मुलं हसायची. मग हसेनाशी झाली. गुणगुण तर कायमचीच थांबली. शाळेतला सगळ्यात शांत वर्ग म्हणून नववी कचं कौतुक झालं.

रेडिओ वर्षअखेरीला शाळा सोडून गेली. मावशी त्याच महिन्यात कायम झाली.

"तिच्या आईला तू ते पान दाखवायला हवं होतंस," मी मावशीला म्हणाले. मला खरंच संताप आला होता.

"हवं होतं," मावशी म्हणाली. एवढंच.

आम्ही तिच्या बाहेरच्या खोलीत बसलो होतो. दुपारचीच वेळ. मी आल्या आल्या तिने आग्रहाने मला आतल्या पडद्याजवळच्या खुर्चीत बसवलं होतं. तिथे वारा येतो म्हणून. मला बरं वाटलं होतं, कारण मावशी तशी लाड करणाऱ्यांतली नाही.

ती स्वतः पार समोरच्या कोपऱ्यात, बाहेरच्या दाराशी बसली होती. सारखी घड्याळ बघत होती.

मी विचारलं, "मग घरीही दारं वाजायला लागली, म्हणून काढलीस? थांबलं का ते?"

तिने पुन्हा घड्याळाकडे बघितलं...

टक. टक. टक.

माझ्या कानाशी. लाकडावर पेरं वाजावीत तसा स्वच्छ आवाज.

पडदा जागचा हललासुद्धा नाही. कापडावर टकटक कशी होईल, हे मी तेव्हापासून रोज स्वतःला विचारते आहे.

मी मावशीकडे बघितलं. तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. चेहरा शांत. वर्गात एखाद्या मुलीला उभं करावं तसं तिने माझ्याकडे बघितलं.

"तू जवळ आहेस ना," ती म्हणाली. "उघड जरा."

मी उघडलं नाही. चप्पल हातात घेऊन तिच्या अंगावरूनच बाहेर पडले. जिना कसा उतरले, आठवत नाही. त्यानंतर मी तिला फोन केलेला नाही. तिनेही केला नाही. आई विचारते, भांडण झालं का. मी हो म्हणते.

इथवरच लिहिणार होते. पण काल दुपारी...

मी स्वयंपाकघरात होते. आमचं बाहेरचं दार वाजलं. तीनदा. आमच्याकडे बेल आहे, दार कोणी वाजवत नाही. माझे हात भांड्यांत होते. माझी तेरा वर्षांची लेक दाराजवळच अभ्यास करत बसली होती. आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"उघड जरा, तू जवळ आहेस ना."

बोलून झाल्यावर मला कळलं मी काय बोलले. धावत बाहेर आले, तोवर ती दार लावत होती.

"कोण होतं?"

कोणी नाही, असं तिने मानेनेच सांगितलं.

रात्री ती लवकर झोपली. आज सकाळपासून खोलीत आहे, दार लावून. या वयात मुली रुसतात, काल मी तिच्यावर थोडी चिडलेही होते. मी दोनदा हाक मारली. ओ आली नाही.

उठून तिचं दार वाजवायला हवं. तासाभरापासून मी इथे बसून हे लिहिते आहे. तिने आतून उत्तर दिलं तर ते कसं देईल, याची मला भीती वाटते आहे.