मालतीबाईंची अकरा पावलं

शटर अर्धं खाली घे, पोपट. पंखापण बंद कर, त्याच्या घरघरीत काही ऐकू येत नाही. उद्या नेरूळला ज्या खोलीचं माप घ्यायला निघालायस, तिथं एक आजी झोपते ना? आणि मघाशी जेवताना तू काय म्हणालास? "आजीचं काय, कुठंही सरकवू." बस इथं प्लायवर. संघर्ष, तूही बस. आपल्या दिपेशचं काय झालं ते ऐका, मग खुशाल सरकवा आजीला.

दिपेश माझ्याच हाताखाली शिकला. हात सोन्याचा, डोकं तल्लख. खोड एकच. तोंडावर कुणाला नाही म्हणायचा नाही, आणि करायचा मात्र आपल्याच मनाचं. दोन हजार तेवीसच्या सप्टेंबरात त्याला शिरवण्याच्या हरेशने बोलावलं. हरेश मूळचा तिथलाच, आगरी. बापाच्या जागेवर तीन मजले चढवलेले, वर भाडेकरू, खाली तो, बायको स्नेहल आणि आई मालतीबाई. गाद्या, लग्नातली भांडी, गणपतीचं मखर, सगळं हॉलमध्ये रचलेलं. स्नेहलचं म्हणणं एवढंच, की आईंच्या खोलीत दाबून स्टोरेज करून द्या, म्हणजे हॉलमध्ये माणूस बसू शकेल. मागणं काही गैर नव्हतं.

खोली लांबट. या टोकाला दाराजवळ मालतीबाईंचा लोखंडी पलंग, त्या टोकाला बाथरूम. काचबिंदूने म्हातारीची नजर सहा वर्षांपूर्वीच गेली होती आणि डावा हात अधू होता. पण बाथरूमला जायला कुणाचा हात धरेल तर शपथ! उजवा हात भिंतीला लावायचा आणि पावलं मोजत जायचं. परत येताना तोच उजवा हात समोरच्या भिंतीला. सहा वर्षं खोबरेलाची बोटं घासून दोन्ही भिंतींवर कंबरेच्या उंचीला एकेक तपकिरी पट्टा उमटला होता. एका भिंतीवर जाण्याचा, दुसऱ्या भिंतीवर परत येण्याचा.

दिपेश लेझरने माप घेत होता, तेव्हा पलंगावरून आवाज आला.

"काय मोजतंस रं?"

"खोली मोजतोय, आजी."

"मी पन मोजलीय. अकरा पावलां हायत. माजा रस्ता तेवडा ठेव, पोरा. मंग काय करायचा तो कर."

"ठेवतो, आजी."

"बग हां. हो म्हनलास."

घरी येऊन दिपेश प्लॅन काढायला बसला. म्हातारीचा रस्ता राखायचा तर कपाटाचे दोन तुकडे करावे लागत होते, एक खिडकीखाली, एक दारामागे. दिसायला भिकार. आणि जाण्याच्या भिंतीला लावलं तर सलग सात फूट, पांढरं लॅमिनेट, सरकती दारं. फोटो काय आला असता! ह्या फोटोनेच घात केला त्याचा. हरेशने विचारलं, "आईला इचारलंस ना?" तर हा म्हणतो, "विचारलंय. चालेल म्हणाल्या." म्हातारीला कुणी दुसऱ्यांदा विचारलंच नाही.

दिवाळीच्या आधी काम झालं. भिंती रंगवल्या, दोन्ही पट्टे गेले. दिवसा स्नेहल सासूचा हात धरून कपाटाला वळसा घालायला शिकवायची. दोन दिवस शिकवलं. तिसऱ्या रात्री मालतीबाई झोपेतच उठल्या असतील. अंगवळण काय दोन दिवसांत मोडतं? सहाव्या पावलाला कपाटाच्या कडेवर आदळल्या, मागे कोसळल्या, डोकं फरशीवर. सकाळी स्नेहल चहा घेऊन गेली तेव्हा अंग गार पडलं होतं.

दहाव्याला दिपेश गेला होता. हरेश त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. "ती चालेल म्हनालेली ना रं?" दिपेशने मान हलवली. हो म्हणून. मला हे त्याने स्वतः सांगितलंय, आणि तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. खरं बोलायची ती एक वेळ होती. तीही याने घालवली.

मग आला बारा डिसेंबर, मंगळवार. अमावस्या होती, पण ते सोडा, अमावस्या दर महिन्याला येते. संध्याकाळी हरेशचा फोन. "कपाटाचा दरवाजा रोज अडतोय यार. आमी पनवेलला हळदीला चाललोय, सकाळी पाव्हणे घेऊनच येनार. रातीच करून टाक ना. चावी वरच्या भाडेकरूकडे हाय." दिपेश तुर्भ्याला राहायचा, भाड्याच्या घरात. बायको भाविका, सातवा महिना. तिला म्हणाला, अकरापर्यंत येतो, कडी लावू नकोस, माझ्याकडे चावी आहे. आणि स्कूटर काढून शिरवण्याला गेला.

घरात कुणी नाही. याने आतून मुख्य दाराची कडी घातली आणि कामाला लागला. दरवाजा रुळावरून उतरला होता, तो बसवला. लोण्यासारखा सरकला. हत्यारं पिशवीत भरायला वळला, तर मागे सर्रकन आवाज. दरवाजा अर्धा उघडा. पुन्हा बसवला. पुन्हा उघडा. चाकं बदलली, रूळ पुसला, लेव्हल लावून बघितली. सगळं सुतात. तरी दरवाजा आपला त्याच जागी येऊन अडायचा, सहाव्या पावलापाशी. दिपेशच्या ते लक्षात आलं नाही. तो दरवाजाला शिव्या घालत होता.

एक वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली.

मोबाईल पलंगावर राहिला होता. तो घ्यायला म्हणून याने एक पाऊल टाकलं.

पलंग करकरला.

माणूस उठताना करकरतो, तसा.

दिपेश जागच्या जागी थिजला. पाठ कपाटाला टेकली. अंधारात भिंतीवरून काहीतरी घासत येत होतं... सर्र... सर्र...

"येक..."

"दोन..."

आवाज ओळखीचा. घोगरा. घाई नाही.

"तीन... च्यार..."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ही मेल्यावरही गेली नव्हती.

"पाच..."

खोबरेलाचा वास आला.

"सा..."

आणि थांबलं.

मग कपाटावर तळवा पडला. थप. जरा जवळ. थप. त्याच्या कानापाशी. थप.

बोटं त्याच्या खांद्यावर आली. गार. मानेवरून हनुवटीवर चढली. आंधळी माणसं चेहरा चाचपतात ना, तशी. गालावरून... नाकावरून... ओठांवर आली आणि तिथंच राहिली. नखं रुतली.

"हो म्हनलास."

दिपेशला "आजी" म्हणायचं होतं. चुकलो म्हणायचं होतं. तोंड उघडेना.

"तुज्या घरात किती हायत?"

"क... काय?"

"पावलां. दारापासून पलंगापातूर."

आता बघा हं, पोरांनो. आपल्या धंद्यात माप विचारलं की आपण सांगतो. विचार करत नाही. दिपेशच्याही तोंडून निघून गेलं.

"सात."

बोटं उचलली गेली.



"बरं."

आणि बाहेर हॉलमध्ये मुख्य दाराची कडी निघाली. जी याने स्वतः लावली होती.

मग त्याला कळलं की आपण काय सांगून बसलो. पिशवी तिथंच, मोबाईल तिथंच, कुलूप नाही, काही नाही. स्कूटर कशी चालवली त्याला आठवत नाही. वाटेत ट्रकवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या एवढं आठवतं. स्वतःच्या दाराशी पोचला. कुलूप जसंच्या तसं. आत भाविका गाढ झोपलेली, एक हात पोटावर. श्वास चालू. याने घरातले सगळे दिवे लावले, बाथरूम बघितलं, पलंगाखाली बघितलं, पोटमाळ्यावर भाविकाच्या मोबाईलचा टॉर्च मारला. कुठंच कुणी नाही. हुश्श केलं आणि तिच्या पायाशी बसून राहिला. थकलेला माणूस, पहाटे कधी डोळा लागला कळलं नाही.

भाविकाच्या आवाजाने जागा झाला.

"अहो, खोबरेल सांडलंय का कुठं? केवढा वास येतोय."

खिडकीतून ऊन आलं होतं. दिवाळीलाच रंगवलेली भिंत. तिच्यावर कंबरेच्या उंचीला तपकिरी पट्टा. जुना, चिकट, सहा वर्षं हात घासल्यासारखा. दारापासून सुरू होऊन भाविकाच्या उशीपाशी संपलेला. दिपेशने पावलं टाकून बघितली. सात.

मग त्याने मान वळवून समोरची भिंत बघितली.

ती कोरी होती.

त्याच दिवशी त्याने हरेशला जाऊन खरं सांगितलं. हरेशने कानाखाली वाजवली, बरोबरच केलं. कपाट तोडून काढलं, जाण्याच्या भिंतीला आता एक खुर्चीसुद्धा नाही. दिपेशला मुलगी झाली. पोर ठणठणीत आहे, चालते, बोलते, पण तिला तो घरातल्या त्या पट्ट्याच्या भिंतीला हात लावू देत नाही. मी त्याला म्हटलं, अरे गाढवा, भाड्याचं तर घर, बदलून टाक ना. तर म्हणाला, "कसं बदलू, काका? ती परत गेली की नाही, ते मला कुठल्या भिंतीवर कळणार?"

रोज सकाळी उठला की तो आधी समोरची भिंत बघतो. परवाच भेटला होता, तेव्हा विचारलं मी.

अजून कोरीच आहे म्हणाला.