भरतीमापकाचा प्रकल्प कुठे गेला?

खारवण बंदरातला वादळाचा भोंगा मुका झाला होता, आणि तो ज्यांनी बनवला त्यांना तो बनवल्याचंच आठवत नव्हतं.

ते होते मृण्मयीचे आजोबा, समुद्रशास्त्रज्ञ डॉ. केळसकर. त्यांनी आयुष्यभर एपीआय (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे माहिती मागण्याची ठरलेली रीत) लिहिले. भोंगा भरतीमापकाला पाण्याची उंची विचारी आणि धोका दिसताच सौरहोड्यांना परत बोलावी. पण वर्षभरापूर्वी आजोबांना विस्मरणाचा आजार जडला.

आज आभाळ भरून आलं होतं. मृण्मयीची आई होडी घेऊन समुद्रात होती.

"आजोबा, भोंगा दुरुस्त करायचाय. भरतीमापकाचा प्रकल्प कुठाय?"

"सर्व्हरवर (माहिती सांभाळणारा दूरचा संगणक) असेल. नाव... नाही गं आठवत." आजोबा कासावीस झाले.

मृण्मयीने कोड-एडिटरमध्ये (प्रोग्राम लिहायची खिडकी) एक छोटं साधन लिहायला घेतलं. ते आजोबांची किल्ली (ओळख पटवणारा सांकेतिक शब्द) दाखवून सर्व्हरला विचारणार, 'यांचे एपीआय प्रकल्प कोणते?' आलेली नावं डाव्या पट्टीत मांडणार. नावावर टिचकी मारली की प्रकल्प उघडणार.

पट्टी भरली. वारा, प्रवाळ, खारेपणा... भरतीमापक मात्र नव्हता.

"माझंच काहीतरी चुकलंय," मृण्मयीला रडू फुटलं.

आजोबा पडद्याजवळ वाकले. "चुकलं नाही, अर्धंच विचारलंस. सर्व्हर सगळं एका दमात सांगत नाही. एक पान देतो, सोबत पुढच्या पानाची खूण देतो. खूण येणं थांबेपर्यंत विचारत राहायचं."

आवाज अगदी पूर्वीसारखा होता.

मृण्मयीने तसं लिहिलं. पट्टी लांबत गेली आणि तळाशी भरतीमापक सापडला. तो उघडताच कळलं, भोंग्याच्या किल्लीची मुदत संपली होती, म्हणून त्याला उत्तरच मिळत नव्हतं. तिने नवी किल्ली बसवली. थोड्याच वेळात बंदरावर भोंगा घुमला. दूरवरच्या होड्या किनाऱ्याकडे वळल्या.

"हुशार आहेस हं," आजोबा कौतुकाने म्हणाले. "घरी कोण कोण असतं तुझ्या, बाळ?"

"आई असते. आणि माझे आजोबा."

"काय करतात ते?"

"समुद्रासाठी प्रोग्राम लिहितात."

"अरे वा! एकदा भेटव मला."

तिने डोळे पुसले. मग पट्टीतल्या पहिल्या नावावर टिचकी मारली. "हा प्रकल्प कशासाठी केलाय, सांगाल? मी लिहून ठेवते. पुढे मलाच हे सांभाळायचंय."

आजोबांनी खुर्ची पुढे ओढली आणि ते सांगू लागले.